स्वस्त 'कॉइलओव्हर' अन् बोरी अरबचा रस्ता : साठ हजारांत गाडी सुधारते की बसते?

बोरी अरब (ता. दारव्हा) : सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी झाली की गावात दोन गोष्टी हमखास होतात. उधारीवाले दाराशी येतात अन् पोट्ट्यांच्या मोबाइलवर गाड्यांच्या रील सुरू होतात. जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली जुनी स्विफ्ट, मागून गाणं, अन् खाली विकणाऱ्याचा नंबर. त्या रीलमध्ये विकायला असतं ते 'कॉइलओव्हर' सस्पेन्शन. पुण्या-मुंबईची ही हौस खेड्यात यायला आता एसटी लागत नाही, मोबाइलवर ऑर्डर दिली की पार्सल तालुक्याला येऊन पडतं.

हौस करू नये असं कोणी म्हणत नाही. पण बोरी अरब, लाडखेडच्या पट्ट्यात हे सामान गाडीखाली लावून रोज वापरायचं म्हणजे काय, याचा हिशोब रीलमध्ये कोणी सांगत नाही. तो इथे मांडायला हवा, कारण सध्या गाडीवर पैसा घालायची वेळही जुळून आली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल अन् १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. गाडीच्या सुट्या भागांवरही आता सरसकट १८ टक्के आहे, आधी त्यातल्या बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचाही भाव हलतो. त्यात शकुंतला रेल्वे केव्हाच थांबली आणि २०२१-२२ च्या लांबलेल्या एसटी संपाने बऱ्याच घरांना शिकवलं की दारात स्वतःचं चारचाकी वाहन पाहिजे. त्यामुळे लाख-दीड लाखाची जुनी गाडी ही आता खेड्यात श्रीमंती राहिली नाही, ती गरज झाली.

आणि गोष्ट इथेच अडते. शहरात अशी गाडी ज्याची त्याची असते. गावात गल्लीतली गाडी सगळ्या गल्लीची असते. रात्री कोणाला पान लागलं, कोणाची सून बाळंतपणाला आली, म्हाताऱ्याच्या छातीत दुखलं, तर १०८ ची वाट पाहत बसण्यापेक्षा हीच गाडी काढून यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठावं लागतं. त्या वेळेला गाडी रपट्यावर पोटावर बसली किंवा शॉकअप फुटलेला निघाला, तर ती हौस एकट्या पोट्ट्याला भोवत नाही.

हे असतं तरी काय

गाडीच्या खाली दोन वेगळी कामं करणाऱ्या दोन वस्तू असतात. स्प्रिंग वजन पेलते अन् गचका गिळते. पण स्प्रिंग एकटी असली तर सैल बाजेवर पोरगं उड्या मारतं तशी गाडी खाली-वर होतच राहील. ते थांबवायचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत तेल असतं, दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक भोकं अन् झडपा असतात. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकलला की जसा जोर लागतो, तसं ते तेल भोकातून जाताना अडतं आणि उसळी मरते. ही उसळी तेलात गरमी होऊन जिरते. खड्ड्याच्या रस्त्यावर बराच वेळ गाडी पळवून शॉकअपला हात लावला तर तो चांगलाच तापलेला लागतो.

मारुती, ह्युंदाई, टाटाच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकाला स्प्रिंग अन् शॉकअप आधीपासूनच एकावर एक बसवलेले असतात. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात आणलेली ही रचना, मिस्त्री तिला 'स्ट्रट' म्हणतात. मग कॉइलओव्हरमध्ये नवं काय? शॉकअपच्या नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंग ज्या बैठकीवर बसते ती बैठक त्या आट्यांवर फिरवून वर-खाली करता येते. म्हणजे नट-बोल्टच्या तत्त्वावर गाडीची उंची बदलते. काहींत वरच्या टोकाला खटका असतो, तो फिरवला की शॉकअप कडक किंवा नरम होतो.

ही वस्तू मुळात शर्यतीची. शर्यतीच्या ट्रॅकवर खड्डा नसतो, गाडी खाली बसवली की वळणावर कमी झुकते, टायर रस्त्याला धरून राहतो. तिथे तिचं काम चोख आहे. खडबडीत मातीवरच्या रॅलीतल्या गाड्यांनाही कॉइलओव्हर असतात, नाशिककडे रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा तशा गाड्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. पण त्या कॉइलओव्हरमध्ये चाकाला खाली-वर व्हायला भरपूर जागा ठेवलेली असते, अन् त्यांची किंमत गावातल्या जुन्या गाडीपेक्षाही जास्त असू शकते. रीलमधला स्वस्त सेट त्याच्या नेमका उलटा : कडक स्प्रिंग, आखूड शॉकअप, कमी जागा. नाव एकच असल्यामुळे पोट्टे फसतात.

काळी माती अन् मिलिमीटरचा हिशोब

दारव्हा तालुक्यात जमीन कोणती आहे हे कास्तकाराला सांगायची गरज नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगणारी अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी माती. कापसाला ती चांगली, रस्त्याला वैरीण. वरचं डांबर कितीही चांगलं टाकलं तरी खालचा थर मजबूत नसला तर दर वर्षी जमीन वर-खाली होते, कडा तुटतात, मधे लाटा पडतात. डांबरी सोडून वावराकडे वळलं की मुरूम-गिट्टीची पांदण, तीही झाली असली तर. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली, काही पांदणी झाल्या, बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या अन् मधे गवताचा उंचवटा हाच रस्ता आहे. तो मधला उंचवटा गाडीच्या पोटाशी खेळतो.

आता आकडे बघा. जुन्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची जागा, कंपनीच्या कागदावर १७० मिलिमीटर आहे. नव्या स्विफ्टचा १६३. कॉइलओव्हर लावून गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली (रीलमध्ये याहून जास्तच असते) तर जुनीचा उरतो १३०. त्यात घरचे पाच जण अन् डिक्कीत दोन पोती बसली की कडक स्प्रिंगवरही गाडी वीस-पंचवीस मिलिमीटर आणखी दबेल. राहिले १०५ च्या आसपास. म्हणजे सव्वाचार इंचही नाही.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच अन् ३.७ मीटर रुंद, हळूहळू चढणारा असतो. तो एवढा रुंद असल्यामुळे पुढची-मागची चाकं एकाच वेळी त्यावर राहतात अन् पोट सुटतं. पण गावागावात लोकांनी अपघाताला भिऊन, शाळेसमोर, मंदिरासमोर टाकलेले दीड-दोन फुटांचे उंचवटे वेगळे. ते पूर्ण उंचीने दोन चाकांच्या मधे येतात. पाच इंचाचा असा एक उंचवटा आला की सव्वाचार इंचाची गाडी त्यावर बसलीच. सायलेन्सर, इंजिनखालची पत्र्याची तेलाची टाकी, डिझेल-पेट्रोलचे पाइप, सगळं खालीच असतं. तेलाची टाकी फुटली अन् चालवणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, तर काही मिनिटांत इंजिन जाम होतं. मग कॉइलओव्हरच्या पैशात इंजिनाचे पैसे मिळवायचे.

उंचीपेक्षाही मोठी गोष्ट आहे चाकाच्या हालचालीची, अन् ती डोळ्याला दिसत नाही. समजा पुढच्या एका चाकावर अडीचशे किलो भार आहे. मूळ स्प्रिंग साधारण अडीच किलोला एक मिलिमीटर दबणारी असेल, तर त्या भाराखाली ती १०० मिलिमीटर दबून बसलेली असते. चाक खड्ड्यावर आलं की ती तेवढी मोकळी होऊन चाकाला खाली ढकलते, टायर खड्ड्याच्या तळाला धरून राहतो, गाडी वर सपाट चालते. स्वस्त सेटची स्प्रिंग पाच किलोला एक मिलिमीटर धरा. ती ५० मिलिमीटरच दबलेली असते. चार इंचाचा खड्डा आला की अर्ध्या वाटेत चाक हवेत लटकतं, मग दाणकन पलीकडच्या कडेवर आदळतं. तो मार टायरला, रिमला, बेअरिंगला, अन् मागे झोपवलेल्या पेशंटच्या पाठीला. ओल्या रस्त्यावर लटकलेल्या चाकाला ब्रेकही लागत नाही, हे वेगळं.

बोलेरो खेड्यात का टिकली, याचं उत्तरही इथेच आहे. २००० साली आलेल्या या गाडीला मागे साधे पाटे आहेत, बैलगाडीच्या जवळचे. शहरात बसून तिला कोणी हसो, पण वजन टाकलं तरी ती पोटावर बसत नाही अन् पाटा तुटला तर कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतो.

सव्वाअकरा क्विंटल सोयाबीन

किंमत दुकानानुसार बदलते, पण कॉइलओव्हरच्या नावाने मिळणारा चार चाकांचा स्वस्त सेट बसवणावळ अन् अलाइनमेंट धरून साठ हजारांच्या घरात जातो असं समजू. नामांकित कंपनीचा लाखाच्या वर. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. साठ हजार म्हणजे सव्वाअकरा क्विंटल, तेही बाजारात हमीभाव मिळाला तर. लांब धाग्याचा कापूस ८,११० ने धरला तर साडेसात क्विंटलच्या जवळ. अतिवृष्टीने ज्याच्या वावरात एकरी तीन-चार क्विंटल सोयाबीन झालं, त्याने आपले एकर मोजून घ्यावे.

याच्या समोर दुसरा हिशोब ठेवा. छोट्या गाडीचे कंपनीच्या मापाचे चारही नवे शॉकअप साधारण आठ-दहा हजारांत येतात. पुढचे टॉप माउंट, लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, अन् गरज असली तर पुढच्या दोन स्प्रिंग धरल्या तरी मजुरीसकट पंधरा-अठरा हजारांत गाडी खालून नवी होते. राहिलेल्या पैशात चार चांगले टायर येतात. दीड लाख किलोमीटर चाललेली जुनी गाडी ज्याने घेतली, त्याने कधी शोरूममधली ती गाडी कशी चालते हे पाहिलेलंच नसतं. त्याला वाटतं गाडीच तशी आहे, म्हणून तो रीलकडे वळतो. खरं म्हणजे नव्वद टक्के तक्रार जुन्या शॉकअपची अन् मेलेल्या बुशची असते, कंपनीच्या रचनेची नसते.

शॉकअप मेला हे ओळखायला मशीन लागत नाही. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. वर येऊन एकदा बसली की थांबली पाहिजे, दोन-तीन डोल खाल्ले तर शॉकअप गेला. नळीवर तेलाचा ओघळ अन् त्यावर चिकटलेली माती दिसली तरी गेला. टायरवर हात फिरवा, गोलाईत उंच-सखल लागलं तर तोच रोग. दाबून पाहायची परीक्षा अगदी पक्की नाही, थोडा कमजोर झालेला शॉकअप तीत पास होतो, म्हणून तेल अन् टायर दोन्ही बघावे. बदलायचे तर पुढचे दोन किंवा मागचे दोन असे जोडीने. एक नवा, एक जुना ठेवला की ब्रेक मारताना गाडी एका अंगाला जाते.

आपल्याकडे शॉकअप म्हटलं की 'गॅब्रियल' असं काही मिस्त्री कंपनीचं नावच घेतात. १९६१ मध्ये मुंबईच्या मुलुंडला सुरू झालेली ही कंपनी, आज चाकण अन् नाशिकलाही तिचे कारखाने आहेत. दुसऱ्याही चांगल्या कंपन्या आहेत. मुद्दा नावाचा नाही, पक्क्या बिलाचा अन् सीलबंद डब्याचा आहे. कारण खेड्यात खरा धंदा चालतो तो 'रिकंडिशन' शॉकअपचा : जुनी नळी कापून, तेल भरून, पुन्हा वेल्डिंग करून काळा रंग मारलेला. झडपा जुन्याच, सील कोणतं ते देवाला माहीत. हजार-बाराशे वाचतात अन् पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गाडी जॅकवर.

आणखी एक स्वस्त उपाय गावात चांगलाच रुळला आहे, स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये बसवायचा रबराचा बफर. गाडी बोटभर वर येते, मालक खूश. होतं काय, तर स्प्रिंगचे दोन वेढे त्या रबराने अडकून जातात, बाकीच्या वेढ्यांनाच सगळं काम करावं लागतं, म्हणून स्प्रिंग कडक वाटते. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाने बनलेला असतो, तो या नव्या उसळीला आवरत नाही. रबराच्या कडेला माती अडकून स्प्रिंगचा रंग खरवडला जातो, गंज धरतो अन् तिथूनच ती तुटायची भीती असते. बसलेल्या जुन्या स्प्रिंगवर दोन महिन्यांची सोय म्हणून ठीक. त्यापेक्षा नवी स्प्रिंग टाकलेली बरी. तरीही कॉइलओव्हर अन् रबर यातून एकच निवडायची वेळ आली, तर या भागाच्या रस्त्याला रबर कमी नुकसान करील. निदान गाडी वर जाते, खाली जात नाही.

कायदा अन् विमा

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या अन् आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं : परवानगी नसलेला बदल केला, बाहेरचा भाग बसवून केला तरी, मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दंड दुकानदाराला नाही, मालकाला. आणि गावात गाडी बापाच्या नावावर असते, हौस पोराची असते.

विकणारे सांगतात की आरसीत सस्पेन्शनचा रकानाच नाही, मग गुन्हा कसला. अर्धं खरं आहे. खराब शॉकअप काढून त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा लावला तर ती दुरुस्ती झाली, तिला कोणी बदल म्हणत नाही. पण कायद्याच्या स्पष्टीकरणात 'गाडीच्या मूळ स्वरूपात फरक पाडणारा रचनेतला बदल' असे शब्द आहेत, आणि चाकं मडगार्डमध्ये घुसलेली गाडी त्यात बसते की नाही हे रस्त्यावर उभा असलेला अधिकारी ठरवतो, इन्स्टाग्रामवरचा विक्रेता नाही.

विम्याचं त्याहून गंभीर. गाडीत केलेला बदल कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंदवून घ्यावा लागतो. तो लपवला अन् अपघात झाला, सर्व्हेअरने खालून फोटो काढले, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. जुन्या गाड्यांवर खेड्यात बहुतेक जण नुसता थर्ड पार्टीच काढतात, त्यांना वाटतं आपल्याला काय फरक पडतो. समोरच्याच्या भरपाईच्या खटल्यातही विमा कंपनी गाडीतला बदल पुढे करून मालकाकडे बोट दाखवू शकते, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

घ्यायचंच ठरलं तर

एवढं सांगूनही कोणी घेणारच. वावराकडे न्यायला दुसरी गाडी आहे, ही फक्त यवतमाळ-नागपूर जायला आहे, असंही कोणाचं असेल. त्याने निदान विकणाऱ्याला नीट प्रश्न विचारावेत. स्प्रिंगचा आकडा किती, किलो प्रति मिलिमीटर? चाकाची पूर्ण हालचाल किती मिलिमीटर? ज्याला हे सांगता येत नाही तो लोखंड विकतोय, सस्पेन्शन नाही. सील गेलं तर सुटं मिळतं का अन् भारतात कुठे दुरुस्त होतं? वॉरंटीच्या कागदावर खराब रस्त्यामुळे झालेलं नुकसान वगळलं आहे का? बऱ्याचदा वगळलेलं असतं, आणि मग बोरी अरबला त्या वॉरंटीचा उपयोग काय.

उंची कशी बदलते हेही पाहावं. काही सेटमध्ये स्प्रिंगची बैठकच खाली-वर करायची असते, तिथे उंची बदलली की चाकाची हालचालही खाल्ली जाते. चांगल्या सेटमध्ये शॉकअपचा खालचा पाय वेगळा फिरतो, त्यामुळे गाडी वर-खाली झाली तरी स्प्रिंग अन् दट्ट्या आपल्या जागी राहतात. घ्यायचा तर हा दुसरा प्रकार, अन् गाडी कंपनीच्या उंचीच्या जवळ ठेवता येईल असाच. नुसत्या आट्याच्या नळ्या विकतात, ज्या जुन्या शॉकअपवर चढवून वर आखूड स्प्रिंग ठेवायची. ते अजिबात घेऊ नये. चाक मोकळं सुटलं की त्यात स्प्रिंग जागेवरून सरकते.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. शॉकअपमध्ये एका नळीचे अन् दोन नळीचे असे दोन प्रकार असतात. विकणारे एका नळीचा भारी म्हणून सांगतात, अन् गरमी सोडायला तो खरंच भारी आहे. पण त्यात दट्ट्या थेट बाहेरच्या नळीला घासून चालतो. गिट्टीचा एक टणक दगड टायरखालून उडून त्या नळीवर बसला, चिमटा पडला, की दट्ट्या तिथे अडकतो. दोन नळीच्या शॉकअपला बाहेरून चिमटा पडला तरी आतली नळी वाचते. गिट्टीच्या पांदणीवर दोन नळीचाच बरा.

अन् लावून बसले असतील त्यांच्यासाठी. आटे हे या वस्तूचं वैशिष्ट्य अन् तेच तिचं दुखणं. काळा चिखल आट्यात भरला, वाळला की सिमेंटसारखा होतो. दोन पावसाळ्यांत ती फिरवायची कडी गंजून अशी बसते की सी-पाना तुटेल पण कडी हलणार नाही. तेव्हा चिखलातून आलं की साध्या पाण्याने अन् ब्रशने आटे धुवायचे, वॉशिंगच्या प्रेशरचा फवारा दांड्याच्या सीलवर थेट मारायचा नाही, वाळल्यावर सुकं राहणारं वंगण मारायचं. ग्रीस थापायचं नाही, ते धूळ धरून ठेवतं अन् सीलला कानशीसारखं घासतं. दांड्यावर रबराचं बूट नसेल तर आधी ते बसवा. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सगळ्या लॉक कड्या पुन्हा आवळायच्या, नाहीतर त्या सुटून स्प्रिंग खडखडते. उंची बदलली की दर वेळी अलाइनमेंट. ते टाळलं तर टायर आतल्या बाजूने जातो, आणि वरून पाहणाऱ्याला तार दिसेपर्यंत कळत नाही. ब्रेकचा रबरी पाइप अन् एबीएसची वायर स्ट्रटला मूळच्यासारखीच क्लिपने बांधली आहे का, चाक पूर्ण वळवल्यावर ती कशाला घासत तर नाही ना, हे मिस्त्रीसमोर उभं राहून पाहायचं. वरच्या बाजूला बुशऐवजी लोखंडी गोळ्याची बेअरिंग असेल तर धुळीत ती काही महिन्यांत कटकट आवाज करील, तो आवाज आला की दुर्लक्ष करायचं नाही.

जून लागायच्या आत गाडी वर घ्यावी. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी कोणतीही असो, पाण्यात घालूच नये. पण पाणी ओसरल्यावर रपट्यावर जो गाळ अन् दगड राहतात, त्यातून निघायलाही कंपनीची उंची लागते.

शेवटी मूळ सामानाचं. नवा सेट लावताना निघालेले शॉकअप-स्प्रिंग मिस्त्री भंगारात घालायला मागतो, बदल्यात मजुरीत दोनशे कमी करतो. देऊ नयेत. तेल पुसून, पोत्यात बांधून कोठ्यात वर टांगून ठेवावेत. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी आरटीओच्या तपासणीत उभी करावी लागते. त्या दिवशी अन् गाडी विकायच्या दिवशी गिऱ्हाईक खाली वाकून पाहतं तेव्हाही, कंपनीचेच चार शॉकअप लागतात.